हंपवर एवढी विमानं पडली ती जपान्यांमुळे का हवामानामुळे?

कोपरीचा_पोरगा (ठाणे पूर्व):
नमस्कार मंडळी, सुट्टीत अरुणाचलला गेलेलो तेव्हा पासीघाटचं हंप म्युझियम बघितलं, विमानांचे तुकडे, ऑक्सिजनच्या टाक्या वगैरे, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. हंप म्हणजे हिमालयाच्या पूर्व टोकाच्या डोंगरांवरून आसाम ते चीन असा हवाई रस्ता, दुसऱ्या महायुद्धात तिथून चीनला सामान नेताना जवळजवळ 600 विमानं पडली म्हणे. बाबा म्हणतात जपान्यांनीच पाडली असणार, लढाई चालू होती ना. मला काही पटत नाही. कोणी वाचलंय का यावर?

ऐरोलीचे_काका:
जपान्यांनी पाडली पण थोडी रे. 1942 ला ब्रह्मदेशातलं लाशिओ जपान्यांच्या हाती पडलं आणि तिथून चीनला जाणारा बर्मा रोड बंद झाला, मग चीनला पेट्रोल दारूगोळा पोचवायचा तर हवेतूनच, आसामातल्या चबुआ, दिनजान, मोहनबारी या धावपट्ट्यांवरून उडायचं ते थेट चीनमधलं कुनमिंग, साधारण 800 किमी. उत्तर ब्रह्मदेशातल्या मायितकिनाला जपानी फायटर विमानं बसलेली म्हणून सखल भागावरून जायची सोय नाही, उत्तरेकडून 15-15 हजार फुटांच्या डोंगररांगांवरून जा. म्हणजे जपान्यांचा हात होता, पण आडून. बाकी काम बर्फाने केलं. पंखांवर बर्फ साचला की विमान जड होणार आणि वर उचलणारी ताकद कमी होणार, त्यात एक इंजिन गेलं तर भरलेला डकोटा (मालवाहू विमान) तेवढ्या उंचीवर टिकायचाच नाही, खाली यायचं तर खाली डोंगर. सी-46 मोठं विमान, माल जास्त घ्यायचं, पण घाईघाईत आणलेलं, कार्बोरेटरमध्ये, म्हणजे इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळतात तिथे, बर्फ धरायचा. पायलटला उडी मारायला लागायची आणि खाली नागा डोंगरातलं रान, तिथून चालत बाहेर आलेलेही आहेत हं.

घणसोली_निखिल:
काका सगळं बरोबर, पण हवामानावर सगळं ढकलू नका ना. हवामान 45 सालीही तेच होतं! आधी या फेऱ्यांचा प्रमुख हार्डिन नावाचा अमेरिकन अधिकारी होता, त्याचा हुकूम असा की हवामान खराब म्हणून फेरी रद्द करायची नाही, रात्रीही उडा, आणि पोरं कोण तर बरीचशी नुकती ट्रेनिंग संपवून आलेली. नेलेल्या मालाचे टन वाढले, पोरं मेली. मग सप्टेंबर 44 ला त्याच्या जागी टनर नावाचा अधिकारी आला, त्याने मेंटेनन्सला कारखान्यासारखी लाईन लावली, एका ठिकाणी एकच काम, पुढच्या ठिकाणी पुढचं, आणि ट्रेनिंग, विश्रांती यावर भर दिला. त्याआधी ऑगस्टमध्ये मायितकिना हाती आलं म्हणून दक्षिणेचा कमी उंचीचा रस्ताही मोकळा झालेला, हे पण धरा. तरी बघा, जुलै 45 मध्ये एका महिन्यात 71 हजार टनाच्या आसपास माल गेला आणि उड्डाणाच्या तासांच्या हिशोबात अपघात आधीपेक्षा खूपच कमी. मग आधीचे सगळे कशापायी गेले?

ऐरोलीचे_काका:
निखिल, मान्य, पण जानेवारी 45 चं वादळ विसरू नकोस, एका रात्रीत कितीतरी विमानं गेली, तेव्हा टनरच होता. नीट चालवलं तरी डोंगर डोंगरच.

कोपरीचा_पोरगा:
भारी माहिती, धन्यवाद दोघांना. आपल्याकडेही असं झालंय ना?

ऐरोलीचे_काका:
हो की. 7 फेब्रुवारी 1968, चंदीगडहून लेहला निघालेलं आपल्या हवाई दलाचं एएन-12 मालवाहू विमान, आत 102 जण. खराब हवामानामुळे माघारी फिरलं आणि रोहतांगच्या बाजूला बेपत्ता. अवशेष 2003 ला सापडले, 2024 मध्येसुद्धा चार मृतदेह मिळाले. लढाई नव्हती तेव्हा, हे बाबांना सांग.

घणसोली_निखिल:
परत गेलास तर मोहनबारीला उतर, आत्ताचं दिब्रुगडचं एअरपोर्ट तेच. आणि आयएलपी (अरुणाचलात शिरायचा परवाना) आधीच काढून ठेव.