शब्दचर्चा : सौरज्वाला, सौरकंप आणि सूर्याचा ‘पृष्ठभाग’

विचारणा : सौरज्वालेच्या वेळी सूर्याच्या पृष्ठभागावर लाटा उमटतात, असे वाचनात आले. या घटनेला ‘सौरकंप’ म्हणावे का? आणि मुळात वायूच्या गोळ्याला ‘पृष्ठभाग’ हा शब्द कितपत चालतो?

उत्तर १ : ‘पृष्ठभाग’ चालतो, मात्र त्याचा अर्थ नेमका ठेवावा. ज्या थरातून आपल्याला दिसणारा प्रकाश बाहेर पडतो तो दीप्तिगोल, सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापमानाचा. तोच सूर्याचा पृष्ठभाग मानतात. ‘ज्वाला’ हा शब्द रूढ असला तरी फसवा आहे, कारण तेथे काहीही जळत नाही. दीप्तिगोलाच्या वर, किरीटात (सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या विरळ वातावरणात), पीळ पडलेल्या चुंबकीय बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते.

या उलथापालथीचा परिणाम खालीही पोहोचतो, आणि वाचकाला सांगण्याजोगा भाग हाच आहे. १५ फेब्रुवारी २०११ रोजी एक्स २.२ वर्गाची (‘एक्स’ हा सर्वांत तीव्र ज्वालांचा वर्ग) ज्वाला उसळली, तेव्हा सौरडागांच्या त्या समूहात जेथे दोन विरुद्ध चुंबकीय ध्रुवता (उत्तर आणि दक्षिण) एकमेकींना भिडतात त्या रेषेलगत दीप्तिगोलातील आडवे चुंबकीय क्षेत्र सुमारे ३० टक्क्यांनी वाढले आणि ज्वाला विझल्यावरही ते पूर्ववत झाले नाही. ऊर्जा गमावलेले वरचे क्षेत्र आक्रसते, खालच्या बलरेषा अधिक आडव्या होतात आणि दीप्तिगोलावर खालच्या दिशेने धक्का बसतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

उत्तर २ : ‘सौरकंप’ हा शब्द मला योग्य वाटतो, कारण ‘लाट’ म्हटले की केवळ वरवरची हालचाल डोळ्यांपुढे येते. ९ जुलै १९९६ च्या ज्वालेनंतर ‘सोहो’ या सूर्यनिरीक्षक यानाच्या नोंदींत अशी वर्तुळाकार कंपने प्रथम आढळली आणि १९९८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. उगमापासून १ लाख किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत ती दिसली आणि पुढे सरकताना त्यांचा वेग वाढत गेला. याचे कारण असे की हे ध्वनितरंग सूर्याच्या आत शिरतात, खोलीबरोबर वाढणाऱ्या तापमानामुळे वळतात आणि पुन्हा वर येतात. जो तरंग अधिक खोल गेला तो अधिक वेगाने दूर पोहोचतो.

वृत्तपत्रांत या सगळ्यालाच सरसकट ‘सौरवादळ’ म्हणतात, ते टाळावे. भारताच्या ‘आदित्य-एल१’ या सूर्यनिरीक्षक यानावरील ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली असून ती दीप्तिगोल आणि त्यावरील वर्णगोल यांचीच छायाचित्रे टिपते, तेव्हा तिच्याविषयी लिहिताना हे शब्द नीट वेगळे ठेवणे आपले कामच आहे.

उत्तर १ कडून पुरवणी : वाक्यरचनेतही सावधगिरी हवी. प्रत्येक ज्वालेबरोबर कंप होत नाही, आणि तो चुंबकीय धक्क्याने होतो, वरून आदळणाऱ्या वेगवान कणांमुळे होतो की त्यांनी तापवलेल्या वायूच्या दाबाने, यावर अजून एकमत नाही. म्हणून ‘चुंबकीय क्षेत्रातील बदलामुळे झालेला सौरकंप’ असे न लिहिता ‘सौरज्वालेच्या वेळी उद्भवलेला सौरकंप’ असे लिहावे.