'बिझनेस पार्क' म्हणजे व्यवसाय उद्यान? आणि 'डेव्हलपमेंट प्लॅन' म्हणजे विकास आराखडाच का?

मसुदाकार: अनुवादाला आलेल्या इंग्रजी बातमीचं शीर्षक आहे, 'सिटी कौन्सिल रिव्ह्यूज डेव्हलपमेंट प्लॅन्स फॉर बिझनेस पार्क'. पहिला अनुवाद झाला तो असा: 'नगर परिषदेकडून व्यवसाय उद्यानाच्या विकास आराखड्याचा आढावा'. तपासणाऱ्याने 'उद्यान' आणि 'विकास आराखडा' दोन्ही खोडले आहेत. काय लिहावं?

रेखांकन: बरोबर खोडले. विकास आराखडा सबंध शहराचा असतो: रस्ते, आरक्षणं (सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागा), जमीनवापराचे विभाग. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात त्याला 'विकास योजना' म्हटलंय, आणि तो २० वर्षांतून एकदा तरी सुधारायचा असतो. एका भूखंडावर इमारती बांधायला परवानगी मागतात तो 'विकास प्रस्ताव'. सोबत जोडतात ते नकाशे: अभिन्यास (भूखंडावरच्या मांडणीचा नकाशा, 'लेआउट'), मजल्यांचे नकाशे, उभा छेद, सामासिक अंतरं (इमारतीभोवती हद्दीपर्यंत सोडायची जागा). शीर्षकात 'आराखडा' आलं की लोक ३० दिवसांत हरकती-सूचना द्यायला धावतात. ती मुदत प्रारूप, म्हणजे कच्च्या, आराखड्याची, एकेका बांधकामाची नव्हे.

'उद्यान' तर अजिबात नको. आराखड्यात उद्यान हे स्वतंत्र आरक्षण आहे. 'व्यवसाय उद्यान' वाचून लोक बाग शोधतील.

धातुपाठ: 'पार्क'चा मूळ अर्थ तरी बाग कुठे होता? जुन्या फ्रेंचमधलं 'पार्क' म्हणजे शिकारीसाठी कुंपण घातलेलं रान. आपल्याकडे संस्कृतातलं 'वाट' म्हणजे कुंपण, त्यावरून वाडा, 'वाटिका'वरून वाडी. दोन्ही भाषांत शब्द कुंपणापासून बागेपर्यंत गेला आहे. मग 'व्यवसायवाडी' का नको?

बोलीचालू: कारण वाडी म्हटलं की कौलारू घरं आणि माड डोळ्यांपुढे येतात. व्युत्पत्ती जुळली म्हणून शब्द रुळत नाही. 'बिझनेस पार्क' तसंच ठेवा, कुणाचं अडत नाही.

धातुपाठ: अडत नाही म्हणून मराठी शब्द घडवायचाच नाही, हे मान्य नाही. 'महापौर'ही कुणीतरी घडवलाच होता.

मसुदाकार: 'व्यवसाय संकुल' चालेल?

धातुपाठ: संस्कृतात 'संकुल' म्हणजे गर्दीने भरलेलं, गोंधळाचं.

बोलीचालू: आणि मराठीत वांद्रे-कुर्ला संकुल. तिथे जाणाऱ्याला संस्कृत अर्थ आठवत नाही.

रेखांकन: अर्थाची छटा मात्र पाहा. संकुल म्हटलं की एकमेकींना लागून असलेल्या इमारती वाटतात. बिझनेस पार्कमध्ये इमारती सुट्या, मध्ये अंतर्गत रस्ते, वाहनतळ, मोकळी जागा. 'औद्योगिक वसाहती'च्या धर्तीवर 'व्यवसाय वसाहत' जवळचं आहे.

'आढावा'ही खटकतो. आढावा चालू कामाचा घेतात, म्हणजे पाणीटंचाईचा, पावसाळापूर्व कामांचा. प्रस्तावाची 'छाननी' होते, पण ती नगररचना विभाग करतो. सभेपुढे तो 'विचारार्थ' येतो. आणि मूळ शहर मोठं असेल तर 'नगर परिषद' नको. महाराष्ट्रात तो लहान शहरांसाठी ठरलेला शब्द आहे. 'महापालिका सभा' लिहा.

मसुदाकार: बातमीत पुढे 'एफएसआय' आहे, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण. तिथे 'चटई क्षेत्र निर्देशांक' बिनधास्त लिहू ना?

रेखांकन: लिहा, तोच प्रचलित आहे. पण आकडा देताना जपा. भूखंड १०,००० चौरस मीटर आणि निर्देशांक १.५ असेल तर सगळे मजले मिळून १५,००० चौरस मीटर बांधकाम. हे आतलं वापरायचं क्षेत्र नव्हे, यात बाहेरच्या भिंतींची जाडीही मोजतात.

धातुपाठ: मग 'चटई' शब्दच चुकला म्हणायचा! चटई भिंतीच्या आत अंथरतात. 'कार्पेट एरिया'ला 'चटई क्षेत्र' म्हणतो आणि त्यात बाहेरच्या भिंती धरत नाही. एकच शब्द दोन मापांना?

बोलीचालू: घर घेणारा फसतो तो इथेच. 'मजला क्षेत्र निर्देशांक' म्हटलं असतं तर प्रश्नच उरला नसता.

रेखांकन: म्हणणं रास्त, पण नियमावलीतला शब्द बातमीत बदलता येत नाही. वाचक परवानगीच्या कागदाशी ताडून पाहतो, तिथे 'चटई'च छापलेलं असतं.

धातुपाठ: तर मग नियमावलीतच बदला. आणि तिथे हात घालणारच असाल तर 'सामासिक अंतर' कुणाला कळतं तेही एकदा विचारा. समासाशी, व्याकरणातल्या की वहीतल्या?

बोलीचालू: वहीतल्याच. कडेची सोडलेली जागा.