कार्यालयात एकट्या पडलेल्या कम्प्युटेशनल डिझायनरने समव्यवसायी कुठे शोधावेत?

प्रश्न – तिसरी_मिती

नमस्कार. वास्तुरचनेचे शिक्षण पूर्ण करून गेली सहा वर्षे मी एका मध्यम आकाराच्या कार्यालयात कम्प्युटेशनल डिझायनर म्हणून, म्हणजे नियम मांडून संगणकाकडून आकार आणि मापे काढून घेण्याचे, काम करते. कार्यालयात सुमारे चाळीस माणसे आहेत; मात्र ग्रासहॉपर या साधनातील डेफिनिशन (घटक तारांनी जोडून मांडलेली कृती) उघडून ती वाचू शकेल अशी मी एकटीच आहे. वरिष्ठ मंडळी निकाल पाहतात, रंगीत आकृतीचे कौतुकही करतात. पण त्या आकृतीमागची तारांची गुंतागुंत बरोबर आहे की नाही, हे तपासणारे दुसरे डोळे येथे नाहीत.

त्याची किंमत नुकतीच मोजावी लागली असती. वक्र दर्शनी भागावरील ३१२ तावदानांची मापे आणि क्रमांक यांची यादी मी डेफिनिशनमधून काढून कारखान्याकडे पाठवली. पाठवण्यापूर्वी एकूण संख्या मोजली होती, ती बरोबर भरली. कापणीच्या आदल्या दिवशी तेथील एका अनुभवी कारागिराने फोन करून विचारले की, दाराशेजारचे तावदान आराखड्यात रुंद दिसते, मग यादीत ते अरुंद कसे? पाहते तो काय, दाराच्या पुढच्या प्रत्येक तावदानाचा क्रमांक एका घराने सरकला होता. कुठेतरी चुकीच्या जागी ‘फ्लॅटन’ (गटवार याद्यांची एकच सलग यादी) केल्यामुळे हे घडले असावे असा माझा कयास आहे. वेळ कमी असल्याने यादी हाताने दुरुस्त करून दिली आणि मूळ कारण तसेच राहिले.

यानंतर मी काही गप्पांच्या गटांत सामील झाले. तेथे अभ्यासक्रमांच्या जाहिराती, नोकरीच्या सूचना आणि पूर्ण झालेल्या कामांची देखणी चित्रे यांपलीकडे फारसे काही आढळले नाही. माझ्या कामातील चूक दाखवू शकतील आणि ज्यांच्या कामातील चूक मलाही दाखवता येईल, असे लोक कुठे भेटतात?

उत्तर – गाठ_आणि_तार

आपण ज्या गटांचा उल्लेख केला आहे, तेथे सदस्य पुष्कळ असले तरी प्रश्न फार थोडे विचारले जातात, आणि जेथे प्रश्न नाहीत तेथे ओळखीही होत नाहीत. म्हणून सुरुवात साधनांच्या अधिकृत चर्चापीठांपासून करावी, असे मी सुचवीन. रायनो हे त्रिमितीय आरेखनाचे साधन आणि त्यात चालणारे ग्रासहॉपर यांसाठी, ती तयार करणाऱ्या मॅकनील या कंपनीचे चर्चापीठ आहे. ग्रासहॉपर २००७ साली ‘एक्स्प्लिसिट हिस्टरी’ या नावाने सुरू झाले. ते लिहिणारे डेव्हिड रटन आणि कांगारू हे भौतिक अनुकरणाचे साधन लिहिणारे डॅनियल पायकर यांनी तेथे नवशिक्यांच्या प्रश्नांनाही उत्तरे दिलेली आढळतील. रेव्हिट या इमारतींच्या आराखड्यांच्या साधनाबरोबर काम असेल तर त्याला जोडून चालणाऱ्या डायनॅमोचे चर्चापीठ पाहावे. ऊन, वारा आणि ऊर्जेची गणिते करायची असतील तर लेडीबग टूल्सचे चर्चापीठ विशेष उपयोगी आहे, कारण तेथे वास्तुरचनाकारांबरोबर इमारतींचे भौतिकशास्त्र जाणणारेही वावरतात.

तथापि, तेथे उत्तर मिळणे हे बव्हंशी प्रश्न कसा मांडला यावर अवलंबून असते. संपूर्ण प्रकल्पाची फाइल कोणी उघडत नाही आणि ग्राहकाच्या इमारतीची संगणकीय प्रतिकृती बाहेर देणे आपल्या करारातही बसणार नाही. त्याऐवजी तीच अडचण दाखवणारी दहा-बारा तावदानांची काल्पनिक भिंत तयार करावी, संबंधित घटकावर उजवी कळ दाबून ‘इंटर्नलाइज डेटा’ करावे म्हणजे भूमिती त्या फाइलमध्येच राहते, उरलेल्या सर्व तारा काढून टाकाव्यात, आणि रायनोची आवृत्ती, मापाचे एकक व टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ही तीन माहिती अवश्य लिहावी. ‘माझी डेफिनिशन चालत नाही’ या वाक्याला कोणाकडेच उत्तर नसते. ‘सातव्या तावदानाला आठव्याचा क्रमांक मिळतो’ या वाक्याला पहिल्याच तासात चार उत्तरे येतात.

आता आपल्या प्रसंगाविषयी एक शंका. चुकीच्या जागी फ्लॅटन झाले असते तर घोटाळा बहुधा सुरुवातीपासून आणि अधिक विस्कळीत दिसला असता. आपला घोटाळा दारापासून सुरू होतो, फक्त एका घराचा आहे, आणि तरीही एकूण संख्या बरोबर भरते. दोन याद्यांची लांबी सारखी नसेल तर ग्रासहॉपर आपणहून आखूड यादीतील शेवटची नोंद पुन्हा वापरतो, हे ध्यानात घ्यावे. यादीतील शेवटचे तावदान दोनदा आले आहे का, तेवढे पाहाल का?

उत्तर – अभ्यासिका

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र चर्चापीठावर एखादी गोष्ट ‘कशी करावी’ हे कळते, ‘ती याआधी कोणी केली आणि कुठवर पोहोचले’ हे कळण्यासाठी संशोधकांच्या संघटनांकडे वळावे लागते. उत्तर अमेरिकेतील अकेडिया १९८१ पासून, युरोपातील ईकेड १९८३ पासून, आशियातील काड्रिया १९९६ पासून आणि लॅटिन अमेरिकेतील सिग्राडी १९९७ पासून या क्षेत्राच्या परिषदा भरवत आल्या आहेत. नावे ऐकून त्या केवळ प्राध्यापकांसाठी आहेत असे वाटते आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु त्यांच्या जोडीने भरणाऱ्या कार्यशाळांत कार्यालयांत काम करणारे बरेच जण येतात, आणि तीन दिवस एकाच टेबलावर एकाच बिघाडाशी झुंजल्यावर जी ओळख होते ती कार्डांच्या देवाणघेवाणीतून होत नाही. ह्यू व्हाइटहेड, लार्स हेसेलग्रेन आणि जे पॅरिश यांनी २००१ साली सुरू केलेल्या स्मार्टजिऑमेट्री या गटाचा पायाही असाच होता: मोठ्या कार्यालयांत विखुरलेले आणि आपापल्या जागी एकटे पडलेले लोक त्यातून एकत्र आले. म्हणजे आपली तक्रार या क्षेत्राइतकीच जुनी आहे!

या संघटनांचे शोधनिबंध क्युमिनकॅड या संग्रहात शोधता येतात. वक्र पृष्ठभागाचे सपाट तावदानांत विभाजन हा आपला विषय असेल तर २००८ साली व्हिएन्नात प्रथम भरलेल्या ‘ॲडव्हान्सेस इन आर्किटेक्चरल जिऑमेट्री’ या परिषदेचे निबंध पाहावेत. तेथे गणितज्ञ आणि दर्शनी भागांचे अभियंते एकत्र येतात. प्रत्यक्ष निर्मितीकडे ओढा असेल तर २०११ साली सुरू झालेल्या फॅब्रिकेट परिषदेचे खंड यूसीएल प्रेसने विनामूल्य उपलब्ध केले आहेत. पातळ वक्र छतांसारख्या कवच-संरचनांसाठी एदुआर्दो तोरोहा यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या आयएएसएस या संस्थेचे कार्यगट आहेत.

एक सावधगिरी बाळगावी. निबंधांत यश लिहिले जाते, फसलेले प्रयत्न क्वचितच येतात. म्हणून निबंध वाचून थांबू नये, लेखकाला पत्र लिहावे, आणि त्यात ‘आपले काम आवडले’ एवढेच न लिहिता ‘आपल्या चौथ्या आकृतीतील कडेच्या तावदानांचे पुढे काय केलेत?’ असे नेमके विचारावे. माझ्या अनुभवात पहिल्या प्रकारच्या पत्रांना आभाराची एक ओळ येते. दुसऱ्या प्रकारच्या एका पत्रातून सुरू झालेला पत्रव्यवहार आज पाच वर्षे चालू आहे.

उत्तर – शेवटचा_कंस

आपल्याला ‘दुसरे डोळे’ हवे आहेत. ही गरज ज्या व्यवसायात सर्वाधिक गांभीर्याने घेतली जाते तो सॉफ्टवेअर लिहिण्याचा व्यवसाय आहे, आणि आपल्या क्षेत्रातील मुक्तस्रोत प्रकल्पांनी ती पद्धत जशीच्या तशी उचलली आहे. झ्युरिकच्या ईटीएच संस्थेतील ब्लॉक रिसर्च ग्रुपमधून आलेली कॉम्पास ही प्रोग्रामिंगची चौकट, आयएफसी (इमारतींच्या माहितीचे सामाईक स्वरूप) फाइली वाचणारी आयएफसी-ओपनशेल, त्याच फाइली ब्लेंडर या त्रिमितीय साधनात हाताळणारे आणि पूर्वी ब्लेंडरबिम या नावाने ओळखले जाणारे बोन्साय, निरनिराळ्या साधनांमध्ये माहितीची ने-आण करणारे स्पेकल, अशा कोणत्याही एका प्रकल्पात लहानशी दुरुस्ती पाठवून पाहा. मी पाठवलेली पहिली दुरुस्ती अवघ्या अकरा ओळींची होती आणि तिच्यावर नऊ शेरे आले. दोन दिवस मन खट्टू झाले. पण सहा वर्षांच्या नोकरीत माझ्या कोडकडे तितक्या बारकाईने कोणी पाहिले नव्हते, हेही त्याच वेळी लक्षात आले. त्या शेऱ्यांपैकी बहुतेक ज्यांनी लिहिले, त्यांच्याशी आजही माझे बोलणे असते.

कार्यालयाच्या वेळेत लिहिलेला कोड बाहेर देता येतो की नाही, हे मात्र आधी लेखी विचारून घ्यावे. बहुतेक नेमणूकपत्रांत त्याची मालकी कार्यालयाकडे असते.

उत्तर – ओळंबा

मला थोडे वेगळे सांगावयाचे आहे. मूळ प्रश्नातच दडलेली एक गोष्ट वरील तिघांनीही ओलांडून पुढे पाऊल टाकले: चूक पकडली ती कारखान्यातील कारागिराने. त्याला ग्रासहॉपर येत नसेल, तरी तो आपला समव्यवसायीच आहे, कारण त्या यादीच्या परिणामाला आपल्याइतकाच तोही बांधलेला आहे. मी काही काळ एका मोठ्या छताच्या कामावर होतो. पृष्ठभाग एकमेकांना जोडले जात नव्हते, कडा अर्ध्या मिलिमीटरने उघड्या राहत होत्या, आणि आम्ही दोन आठवडे पृष्ठभाग तयार करण्याची पद्धत बदलत बसलो. अखेर सर्वेक्षकाने सहज विचारले, ‘तुम्ही माझे निर्देशांक जसेच्या तसे वापरता का?’ आमची प्रतिकृती मूळबिंदूपासून शेकडो किलोमीटर दूर बसली होती, आणि इतक्या दूरवर संगणकाच्या दशांश आकड्यांची अचूकता कमी पडते. सगळे उचलून मूळबिंदूजवळ आणताच कडा जुळल्या.

म्हणून चर्चापीठे आणि परिषदा जरूर कराव्यात. परंतु एक लहान मंडळ स्वतःही जमवावे. आमच्या मंडळात पाचजण आहेत: दोन कम्प्युटेशनल डिझायनर, एक संरचना अभियंता, एक धातुकाम करणारा आणि एक सर्वेक्षक. महिन्यातून एकदा दीड तास भेटतो. एकाने आपली डेफिनिशन किंवा यादी पडद्यावर लावायची आणि पहिली वीस मिनिटे स्वतः अवाक्षर बोलायचे नाही. इतरांनी ती वाचून तिच्यातून काय होते ते सांगायचे. जेथे वाचणारा अडखळतो, तेथे बहुधा मांडणीच चुकलेली असते. पूर्ण झालेल्या कामांची चित्रे दाखवण्यास आमच्याकडे बंदी आहे (एकदा अपवाद केला आणि ती संध्याकाळ वाया गेली). पाचाहून अधिक माणसे घेऊ नयेत असे माझे मत आहे, कारण सहावा आला की निम्मे जण प्रेक्षक होतात.

प्रश्नकर्तीचे पुन्हा – तिसरी_मिती

सर्वांची मी आभारी आहे. ‘गाठ_आणि_तार’ यांच्या सांगण्यावरून काल रात्री बारा तावदानांची खोटी भिंत तयार केली, तिला एक दार दिले, आणि त्यांची शंका तंतोतंत खरी निघाली. दाराच्या जागेचे तावदान कापताना काहीच शिल्लक राहत नाही, म्हणून तेथे रिकामी नोंद तयार होते. पुढे लाल इशारे दिसू नयेत म्हणून मी कधीतरी ‘क्लीन ट्री’ जोडले होते, आणि त्याने ती रिकामी नोंद काढून टाकली. तावदाने अकरा उरली, क्रमांक बारा राहिले, दारानंतरचे सर्व एका घराने सरकले, आणि शेवटचे तावदान दोनदा मोजले गेल्यामुळे एकूण संख्या मात्र भरली. फ्लॅटनचा यात काहीही संबंध नव्हता.

आता क्रमांक आधीच तावदानाला जोडून मगच कापणी करण्याचा विचार आहे, म्हणजे नोंद गळाली तरी तिच्याबरोबर तिचा क्रमांकही गळेल. ही लहान फाइल उद्या मॅकनीलच्या चर्चापीठावर ठेवते आहे. त्यापेक्षा सुटसुटीत मार्ग कोणाला सुचत असेल तर तेथे किंवा येथे अवश्य लिहावे. त्या कारागिरांनाही आज फोन केला आणि पुढील यादी पाठवण्यापूर्वी अर्धा तास माझ्याबरोबर बसाल का असे विचारले. ते हो म्हणाले, मात्र यादी छापील हवी आणि अक्षर मोठे हवे, अशी त्यांची अट आहे.

‘ओळंबा’, आपल्या मंडळात मौनाची वीस मिनिटे संपेपर्यंत खरोखरच कोणी गप्प राहते का?

उत्तर – ओळंबा

पहिल्या तीन बैठकांत कोणीही राहिले नाही. आता घड्याळ सर्वेक्षकाच्या हाती असते.