मदत हवी आहे: काळ्या मातीच्या धावपट्टीवर टेकऑफचं अंतर किती वाढवून धरता?

केनियात सेस्ना 206 (एका इंजिनाचं छोटं विमान) चार्टरवर, म्हणजे भाड्याच्या फेऱ्यांवर, उडवणाऱ्यांना विचारायचंय. मसाई मारातली एखादी 5,500 फुटांवरची पट्टी घ्या. त्या उंचीचं प्रमाण तापमान (विमानाचे हिशेब ज्यावर बांधतात ते) 4 अंश. दुपारी 28 असेल तर फरक 24. दर अंशाला 120 फूट धरले की विमानाला हवा मिळते जवळपास 8,400 फुटांवरची, म्हणजे तेवढी विरळ. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) नसेल तर इंजिनाची पाव ताकद इथेच गेली, आणि मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) फुल रिच, म्हणजे इंधन सर्वांत जास्त, राहिलं तर आणखी जाते.

विमानाच्या पुस्तिकेतल्या तक्त्यातल्या टेकऑफ अंतराला कोरड्या गवतासाठी 1.2, ओल्यासाठी 1.3 आणि वर सुरक्षेचा 1.33 हे गुणक ठाऊक आहेत. पण पावसानंतरची माती आपल्या रेगुरसारखीच चिकट. ती व्हील फेअरिंगमध्ये (चाकांवरच्या आवरणात) ठासून बसते, चाकं ब्रेक लावल्यासारखी जड होतात. याला गुणक काय? फेअरिंग काढूनच उडवता का? अर्ध्या पट्टीवर लिफ्टऑफच्या (जमीन सोडतानाच्या) वेगाच्या 70 टक्के वेग नसेल तर थांबायचं, हा नियम चिखलात पुरतो का? मला तरी अपुरा वाटतो, कारण थांबायच्या वेळी निसरड्या चिखलात ब्रेक पकडणारच नाहीत.

शिवाय प्रवाशांच्या 15 किलोच्या बॅगा काट्यावर जातात, त्यांच्या गळ्यातले कॅमेरे नाहीत. ते वजन कसं धरता?