राज्यकर्ता अविचारी निघाला तर ख्रिस्ती माणसाने काय करायचं?

मिरजकर
रविवारी उपासना सुटल्यावर चहाला वाद पेटला, तो इथे टाकतोय. पूररेषेच्या आत बांधकामं उठतायत म्हणून आमच्या मंडळीतली तरुण पोरं मोर्चात जाणार होती. वडीलधाऱ्यांनी बायबलातल्या रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय पुढे केला: अधिकारी देवाने नेमलेले आहेत, त्यांच्या अधीन राहा. विषय संपला!

अधीन राहायचं म्हणजे तोंडाला कुलूप लावायचं असं मला वाटत नाही. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्वतः कसा वागला बघा. फिलिप्पै गावात चौकशी न करता त्याला फटके मारले, तुरुंगात पाय खोड्यात अडकवले. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, सोडलंय, आता जा. हा हलेना. आम्ही रोमी नागरिक, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं म्हणाला. आले की मुकाट्याने, विनवण्या करत! पुढे तर थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली.

जुना उपासक
पौलाने मोर्चा काढला नव्हता, एवढं ध्यानात ठेवा. राजा शौल आपल्याच सरदाराच्या, दावीदाच्या, जिवावर उठला होता. गुहेत आयता तावडीत सापडला, तरी दावीदाने नुसता झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी प्रार्थना करा म्हटलंय. आपल्या नगरसेवकासाठी कधी केलीत? शिव्या मात्र रोज. शिवाय आपण मूठभर. उद्या पोरांवर केस पडली तर जामिनाला कोण उभं राहणार?

कृष्णाकाठची
काका, अर्धीच गोष्ट सांगताय. दावीद गुहेबाहेर आला आणि शौलाला हाक मारून त्याने जाबही विचारला.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. प्रार्थना आम्हीही केली, माळ्यावर बसून. पाणी ओसरल्यावर बायबलची पानं एकमेकांना चिकटलेली, धान्याच्या डब्यात चिखल. परवानग्या देणाऱ्याला आता विचारायचं नाही तर कधी?

आणि मूठभर म्हणून गप्प बसायचं? 1897 च्या प्लेगात पुण्यात बायकांचे जे हाल झाले, त्यावर पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. गव्हर्नर ख्रिस्ती, बाई ख्रिस्ती. भीड ठेवली नाही.

सातारकर
दोन गोष्टींची गल्लत होतेय. दुष्ट हुकूम वेगळा, अडाणी कारभार वेगळा. दानीएल संदेष्ट्याला प्रार्थनाच बंद करायला सांगितली, तो हुकूम त्याने मोडला. माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे हे येशूच्या शिष्याचं, पेत्राचं, उत्तरही तसल्याच वेळचं. गटार चुकीचं काढलं म्हणून ते वचन फेकायचं नसतं.

अडाणी राजा हवा तर बायबलातला इस्राएलाचा राजा रहबाम घ्या. लोक त्याच्याकडे रीतसर गेले, बापाने लादलेलं ओझं हलकं कर म्हणाले. म्हाताऱ्या सल्लागारांनी ऐक म्हणून सांगितलं, याने बरोबरीच्या पोरांचं ऐकलं. इस्राएलाच्या बारा वंशांतले दहा फुटले. पण त्यांनी नवा राजा केला तो यराबाम, त्याने पूजेला सोन्याची वासरं उभी केली! राजा बदलला की शहाणपण येतं असं नाही.

मिरजकर
राजा बदला असं कोण म्हणतंय? ते लोक आधी गाऱ्हाणं घेऊन गेले, एवढंच आम्हाला करायचंय. तुम्हीच आमचा मुद्दा मांडलात.

जुना उपासक
मोर्चाला मी येणार नाही. आपल्यातली निम्मी घरं सरकारी नोकरीवर जगली, तुम्हाला ते कळायचं नाही. निवेदन आधी मला वाचायला द्या. भाषा सभ्य असेल तर सही करतो. ‘हाय हाय’ वगैरे नको.

कृष्णाकाठची
बरं. येशूने राज्यकर्त्या हेरोदाला कोल्हा म्हटलं होतं, तेवढं चालेल?

जुना उपासक
निवेदनात नको.