आजोबांच्या ट्रंकेतलं रेल्वेचं सामान मोतीबागच्या संग्रहालयाला द्यायचं आहे. कसं द्यावं?

अनघा_पुणे

नमस्कार. नागपूरला महालातलं आमचं जुनं घर रिकामं करतोय. माळ्यावर आईच्या वडिलांची काळी पत्र्याची ट्रंक सापडली. आजोबा नागपूर–छिंदवाडा छोट्या गाडीवर गार्ड होते, १९७४ साली निवृत्त झाले. ट्रंकेत काय काय आहे ते सांगते.

रॉकेलवर चालणारा हातातला दिवा. वरची मूठ फिरवली की आत लाल आणि हिरवी काच सरकते, अजूनही. पितळी शिट्टी. पुठ्ठ्याच्या छोट्या तिकिटांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला. वेताचं मोठं कडं, त्याला खाली चामड्याची पिशवी शिवलेली. हे कशाचं ते आईलाही आठवत नाही. एका पत्र्याच्या डब्यात बुटाच्या पॉलिशच्या डबीसारख्या सहा गोल चपट्या चकत्या, दोन्ही बाजूंना मऊ धातूच्या पट्ट्या असलेल्या. आणि आजोबांच्या हस्ताक्षरातल्या चार वह्या. त्यांत रोजच्या गाडीची नोंद आहे, स्टेशनांची नावं आणि वेळा.

मामाचं म्हणणं, पितळ आहे, चांगले पैसे येतील. मला आणि आईला मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयाला द्यावंसं वाटतं. तिथे अशा लहानसहान वस्तू घेतात का? देण्याआधी घासून-पुसून लख्ख करू का? आणि ट्रंक तशीच रेल्वेने पुण्याला नेऊन सावकाश ठरवलं तर चालेल का?

सावनेरकर

ताई, मोतीबागचं संग्रहालय १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालं. कडबी चौकापासून जवळच. मी पोरांना दोनदा नेलंय. बाहेर इंजिनं, डबे, आत दालनात दिवे, घड्याळं, टेलिफोन, सिग्नलचं सामान. पोरं खेळण्यातल्या गाडीत बसायला पळतात, मी मात्र आतच रमतो. आमच्या सावनेरवरूनच तुमच्या आजोबांची गाडी जायची. घरी बोललो तर आमचे बाबा म्हणाले, संत्र्याच्या दिवसांत पेट्या चढवेपर्यंत गार्ड झेंडी वर करत नसे. जरूर द्या.

गार्ड_ब्रेकव्हॅन

अनघाताई, बाकी सगळं नंतर. त्या सहा चकत्यांना हात लावू नका.

ते डेटोनेटर आहेत. आम्ही फटाके म्हणायचो. आत स्फोटक असतं. त्या मऊ पट्ट्या शिशाच्या, रुळाच्या डोक्यावर चकती ठेवून पट्ट्या खाली वळवायच्या, म्हणजे ती घट्ट बसते. वरून इंजिनाचं चाक गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. त्यांचं आयुष्य थोड्या वर्षांचं असतं, त्यानंतर ते नियमाने नष्ट करायचे असतात. तुमच्याकडचे पन्नास वर्षांपूर्वीचे. आपटले, घासले, तापले तर काय होईल त्याचा नेम नाही.

डबा आहे तिथेच राहू द्या. झाकण पुन्हा उघडू नका, ऊन लागू देऊ नका, लहान मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. ११२ ला फोन करून सांगा की घरात रेल्वेचे जुने डेटोनेटर सापडलेत. पोलीस त्यांचं पथक पाठवतील. स्फोटकं घेऊन गाडीत बसणं गुन्हा आहे, तेव्हा ट्रंक रेल्वेने नेण्याचा विचार सोडा. हे झालं की इथे कळवा, मग बाकीचं लिहितो. मी त्याच लाईनीवर गार्ड होतो, तुमच्या आजोबांच्या नंतरच्या पिढीतला.

अनघा_पुणे

काका, मनापासून आभार. वाचून हातपाय गार पडले. मुलं दुपारी त्याच खोलीत पत्ते खेळत होती. ११२ ला फोन केला, तासाभरात पोलीस आले, नंतर त्यांचं पथक आलं आणि डबा सुरक्षित घेऊन गेले. पंचनामा केला, आईची सही घेतली. कोणी रागावलं नाही, उलट एक जण म्हणाला की वेळेत सांगितलंत ते बरं झालं. आता बाकीचं सांगा ना. ते कडं काय आहे?

गार्ड_ब्रेकव्हॅन

छान केलंत. आता निवांत लिहितो.

ते वेताचं कडं टोकनचं. आपली लाईन एकेरी, म्हणजे येणारी गाडी त्याच रुळावर आणि जाणारीही त्याच. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी म्हणून दोन्ही स्टेशनांत यंत्रं असायची, तारेने एकमेकांना जोडलेली. दोन्ही मास्तरांनी घंटेच्या खुणेने एकमेकांना विचारून मान्यता दिली की यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर पडायचा. त्यावर त्या सेक्शनचं, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या टप्प्याचं, नाव कोरलेलं. तो गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघतच नाही. गोळा त्या चामडी पिशवीत घालून कडं ड्रायव्हरला द्यायचं. गाडी न थांबता जाणार असेल तर पोर्टर फलाटावर कडं उंच धरून उभा राहायचा आणि इंजिनावरचा माणूस धावत्या गाडीतून त्यात हात घालून ते उचलायचा. म्हणून ते एवढं मोठं. तुमच्या पिशवीत गोळा नाही हे बरोबरच आहे, तो कधीच घरी जात नसे. रात्री पावसात कुकडीखापा आणि भिमालगोंदीच्या घाटात गाडी चढत असताना समोरून दुसरी येणार नाही ही खात्री गार्डाला त्या गोळ्यामुळेच असायची.

तो घाट तुम्ही पाहिलेला नसणार. रामाकोनापर्यंत गाडी बऱ्यापैकी पळे, पुढे सातपुडा चढायला लागली की वळणांमागून वळणं. दोन रुळांत अडीच फुटांचंच अंतर असल्यामुळे इतकी तीव्र वळणं देता आली आणि डोंगर फार न कापता छिंदवाडा गाठता आलं. बंगाल नागपूर रेल्वेने ही लाईन घातली तेव्हा खर्च वाचवणं हाच हेतू होता. १९४४ पर्यंत कंपनीचा कारभार, नंतर सरकारचा. आजोबा नोकरीला लागले तेव्हा नॉर्थ ब्रिटिश कंपनीने ग्लासगोत बांधलेली सी. सी. वर्गाची वाफेची इंजिनं धावत होती. मी आलो तेव्हा वाफ सरत आली होती. २०१५ च्या अखेरीला नागपूर–छिंदवाडा छोटी गाडी बंद झाली, २०१९ च्या नोव्हेंबरात नागपूर–नागभीडही. रुंदीकरण व्हायलाच हवं होतं, आमच्या लोकांना वेगाने जायचा हक्क आहे. पण त्याबरोबर स्टेशनांतल्या सामानाची जी वाताहत झाली ती पाहून मला फार वाईट वाटलं. यंत्रं तरी मोजून नेली जातात. माणसांच्या हातातल्या वस्तू कुणी मोजत नाही.

म्हणून मामांना माझा निरोप द्या, पितळ म्हणून विकू नका. आणखी एक कारण आहे. ज्या वस्तूवर रेल्वेची खूण आहे ती रेल्वेची मालमत्ता ठरू शकते, आणि १९६६ चा रेल्वे मालमत्तेच्या बेकायदेशीर ताब्याचा कायदा आहे. बाजारात मांडलीत तर प्रश्न विचारले जातील. रेल्वेच्याच संग्रहालयाला सन्मानाने सोपवलीत तर तो सरळ रस्ता आहे.

संग्रहालय घेतं का, तर आधी पत्र द्या. मोतीबागचं संग्रहालय दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर मंडळाचं आहे, मंडळ रेल प्रबंधकांच्या नावे साधं पत्र चालेल. पत्रात नुसतं 'एक दिवा, एक शिट्टी' लिहू नका. हे मी अगदी पोटतिडकीने सांगतोय. दिवा तर कुठल्याही संग्रहालयात रांगेने असतात. तुमचा दिवा कोणत्या माणसाने, कोणत्या गाडीवर, किती साली वापरला हे लिहिलेलं असलं तरच तो वेगळा होतो. आई अजून सांगू शकतात तोवर त्यांना समोर बसवा आणि विचारा. आजोबा ड्युटीला निघताना डब्यात काय न्यायचे, दिव्यातलं रॉकेल कोण भरायचं, छिंदवाड्याला मुक्काम कुठे असायचा. फोनवर आवाज रेकॉर्ड करा. तो आवाजही वस्तूसोबत द्या.

पुराणवस्तू_जतन

मी एका वस्तुसंग्रहालयात जतनाचं काम करते (रेल्वेच्या नव्हे). घासण्याबद्दल विचारलंत म्हणून लिहिते: कृपया घासू नका. पितळेला पॉलिश लावलं की वरचा थर जातो आणि कोरलेली अक्षरं दर वेळी थोडी झिजतात. दिव्याच्या आतली काजळी तशीच ठेवा, दिवा वापरातला होता याचा तो पुरावा आहे. तळाशी रॉकेल उरलं असेल तर मात्र काढून टाका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस्स.

तिकिटांची सुतळी सोडू नका. ती कोणत्या क्रमाने बांधली आहेत ते आधी फोटोत येऊ द्या. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करणं नको. पुठ्ठा दमट झाला की बुरशी धरतो. चामड्याच्या पिशवीला तेल चोळायचा मोह होईल, तोही टाळा. वह्यांमध्ये गंजलेल्या टाचण्या असतील तर त्या ओढू नका, पान फाटतं. प्रत्येक पानाचा फोटो उजेडात काढा, फ्लॅश न वापरता, आणि त्याची प्रत घरी ठेवा.

देताना दोन गोष्टी मागा. एक, दानपत्राची सही-शिक्क्याची प्रत. दोन, वस्तू आवक नोंदवहीत चढल्याचा क्रमांक. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र क्रमांक हवा, 'ट्रंक व इतर सामान' अशी एकच ओळ नको. अधिकारी बदलतात, कपाटं हलतात, क्रमांक असला तर पंधरा वर्षांनीही तुमची मुलगी जाऊन विचारू शकते. आणि वस्तू कायमची देताय की काही वर्षांसाठी प्रदर्शनाला, हे कागदावर स्पष्ट असू द्या.

बार्शी_लाईट

अनघाताई, तुम्ही विचारलंत म्हणून हेवा वाटला. आमच्या पणजोबांनी बार्शी लाईट रेल्वेत नोकरी केली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही अडीच फुटी लाईन सुरू केली. भारतात आणण्याआधी त्याने इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून इंजिन आणि डब्यांची चाचणी घेतली होती. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलके रूळ पुरतात, हा त्याचा हिशोब. पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ ला मिरजपर्यंत ती पोचली. आषाढीला डब्यांच्या टपावर बसून वारकरी जायचे असं आजी सांगायची.

पणजोबांचा बिल्ला, टोपी, कंदील सगळं घर पाडताना भंगारात गेलं. मी तेव्हा शाळेत होतो. आज एक फोटोही नाही. तुम्ही देताय ते फार मोठं काम आहे.

अनघा_पुणे

सगळ्यांचे आभार. मामांनी काकांचं लिहिलेलं वाचलं आणि विकायचा विषय त्यांनीच बंद केला. पत्राचा मसुदा केला आहे. आईला बोलतं केलं, तर ती तासभर बोलली. दिव्यातलं रॉकेल आजी भरायची आणि वात कातरायचं काम आईकडे होतं. डब्यात भाकरी आणि झुणका, उन्हाळ्यात आंबट वरण. छिंदवाड्याला गार्डांची विश्रांतीची खोली होती, तिथला खानसामा आजोबांसाठी वेगळी बिनकांद्याची भाजी करायचा. हे सगळं मला कधीच माहीत नव्हतं.

काका, एकच प्रश्न. वह्यांत जवळजवळ प्रत्येक स्टेशनच्या वेळेपुढे 'एल. व्ही. ठीक' असं लिहिलंय. एका पावसाळी रात्री उमरानाला स्टेशनच्या नोंदीपुढे 'एल. व्ही. दिवा विझला, थांबून लावला, ११ मिनिटे उशीर' असं आहे. हे काय?

गार्ड_ब्रेकव्हॅन

एल. व्ही. म्हणजे लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा. त्याच्या मागे दिवसा ती दोन अक्षरं लिहिलेली पाटी आणि रात्री लाल दिवा लावायचा. गाडी स्टेशनातून गेली की मास्तर ती खूण बघतो. खूण दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मधेच डबे तुटून सेक्शनात राहिलेले नाहीत. मगच तो मागच्या स्टेशनला लाईन मोकळी झाल्याचं कळवतो. खूण दिसली नाही तर मागची गाडी सोडता येत नाही.

म्हणजे त्या रात्री आजोबांनी घाटात पावसात खाली उतरून दिवा लावला. अकरा मिनिटांचा उशीर गार्डाच्या नावावर चढतो, त्याची विचारणा होते. तरी थांबले, आणि कारण स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. या वह्या दिव्यापेक्षा मोलाच्या आहेत. छिंदवाडा लाईनीवर गाडी कुठे पाण्याला थांबे, कुठे किती मिनिटं लागत, हे सरकारी वेळापत्रकात सापडणार नाही. देताना त्या वेगळ्या द्या, वेगळा क्रमांक मागा, आणि ते पान उघडून दाखवा. तारीख ठरली की कळवा, मी अजून नागपुरात जरीपटक्यालाच राहतो. टोकनचं कडं कसं धरायचे ते तिथल्या मुलांना उभं राहून दाखवीन.