छत गुलाबी पडलं, आणि गाडी खेळण्यातली दिसते. कुठे चुकतंय?

सदतीस_नंबर

नमस्कार मंडळी. १/२४ मापातलं (खऱ्या गाडीच्या चोवीसाव्या भागाएवढं) मिनी कूपर एसचं प्लास्टिकचं मॉडेल करतोय. १९६४ साली माँटे कार्लो रॅली जिंकली ती, लाल बॉडी, पांढरं छत, दारावर ३७ आकडा. ही माझी तिसरी गाडी. आधीच्या दोन घाईत उरकल्या होत्या, म्हणून या वेळी दोन महिने निवांत घेतले.

किटचं प्लास्टिकच लाल आहे. राखाडी प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात) मारला, छतावर लॅकर रंगाच्या फवाऱ्याच्या डब्याने पांढऱ्याचे तीन हात दिले. त्या रात्री छत दुधासारखं पांढरं होतं. चौथ्या दिवशी पाहतो तर फिकट गुलाबी. वरून आणखी एक हात दिला, तोही गुलाबी पडला.

दुसरी गोष्ट सांगायला अवघड आहे. सांधे नीट बसलेत, गोंद कुठे दिसत नाही, साच्याच्या रेघा (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठणाऱ्या) सगळ्या घासून काढल्या. दाराच्या पुढे एक जाडजूड उभी रेघ होती, तीसुद्धा सपाट केली. लाल रंग तर आरशासारखा चमकतो. तरीही फोटो काढला की ती खेळण्यातली गाडी दिसते. आता धातूच्या बारीक भागांचा वेगळा संच घ्यावा आणि इंजिनात वायरी टाकाव्यात असं मनात आहे. त्याने फरक पडेल का?

राखाडी_प्रायमर

छताचं आधी सांगतो. लाल प्लास्टिकमध्ये जो रंग मिसळलेला असतो तो वर आलाय. लॅकरमधला थिनर प्लास्टिकचा वरचा पापुद्रा किंचित विरघळवतो आणि लाल रंग त्या वाटेने वर चढतो. साधा राखाडी प्रायमर त्याला अडवत नाही. पांढऱ्याचे आणखी दहा हात दिलेत तरी दहावाही गुलाबी होईल, म्हणून आता थांबा.

उपाय चंदेरी रंगाचा. प्रायमरवर चंदेरीचा एक पातळ, सलग थर द्या, मग पांढरा. चंदेरीतले धातूचे कण खवल्यांसारखे एकावर एक पडतात आणि खालचा रंग तिथेच थोपवतात. दोन थरांमध्ये पुरेसा वेळ जाऊ द्या आणि पहिले हात अगदी कोरडे, धुक्यासारखे मारा.

कवळीकाम

राखाडी_प्रायमर यांचं चंदेरीबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर. माझं एक पांढरं बॉनेट तीन आठवड्यांनी गुलाबी झालं होतं, तेव्हापासून लाल प्लास्टिक दिसलं की चंदेरीशिवाय पुढे जात नाही.

मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय, कारण पहिली पाच वर्षं मीही त्यातच अडकले होते. मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. तिथे एक सवय हाडात मुरते: डोळ्याला काहीतरी खटकलं की आधी जाडी मोजायची. कवळीची कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली तरी तोंड वेगळं दिसतं, आणि बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही. गाडीचं तसंच आहे. तुमची गाडी खेळण्यातली दिसते ती भाग कमी आहेत म्हणून नव्हे. तिच्यावरच्या गोष्टी जाड आहेत म्हणून.

हिशेब करून बघा. खऱ्या गाडीवर कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर भरतात. तुमच्या छतावर प्रायमर, चार हात पांढरा आणि वर क्लिअर, म्हणजे बिनरंगी चमकदार थर येणार. तेही सहज ०.१ मिलिमीटरच्या घरात जातं. त्याला चोवीसने गुणा: खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर रंग! इतका रंग थापला तर बॉनेटच्या कडा गोल होतात, दाराच्या फटी बुजतात, बिजागऱ्या साबणाच्या वडीसारख्या दिसतात. चोवीस पट पातळ थर आपल्या हातून होणार नाही, ते खरं. पण चार हातांच्या जागी दोन द्यायचे, प्रायमर फक्त गरजेपुरता, आणि क्लिअर देण्याआधी दोनदा विचार करायचा, एवढं जमतं. साधा सपाट लाल असेल तर चांगला ग्लॉस लॅकर क्लिअरशिवायही पॉलिश होतो.

फटींचंही असंच. दाराभोवतीची फट खऱ्या गाडीत चार-पाच मिलिमीटर असते, म्हणजे मॉडेलमध्ये ०.२. किटमध्ये ती बहुतेक वेळा ०.५ च्या आसपास असते, म्हणजे खऱ्या गाडीच्या दारात बोट जाईल इतकी. ती अरुंद करणं कठीण, पण खोल करता येते, आणि डोळ्याला खोलीच हवी असते. उथळ चर नुसता ओरखडा वाटतो, खोल चरात सावली पडते आणि दार सुटं असल्यासारखं दिसतं. रंग देण्याआधी ब्लेडच्या बोथट पाठीने, अजिबात जोर न लावता, चरातून वीसेक वेळा ओढत जा. दर वेळी केसाएवढा कीस निघाला पाहिजे. जोर लावलात की ब्लेड चराबाहेर उडतं आणि दारावर आडवा ओरखडा उठतो.

आणि हो, ते चर काळ्याने भरू नका. लालवर गडद तपकिरी, पांढऱ्यावर मध्यम करडा. काळ्या रेघेने गाडी पेनाने काढलेल्या चित्रासारखी दिसते. लॅकरवर इनॅमल रंगाचा वॉश, म्हणजे चरात उतरणारा अगदी पातळ केलेला रंग चालतो, जास्तीचा इनॅमल थिनरने पुसता येतो. उलटं कधी करू नका. इनॅमलवर लॅकर मारलात तर खालचा थर सुरकुततो.

आता जे वाचून मला खरंच वाईट वाटलं ते. दाराच्या पुढची ती जाड उभी रेघ साच्याची नव्हती. ती मिनीची शिवण आहे. १९५९ साली ही गाडी आली तेव्हापासून तिच्या पत्र्यांचे वेल्ड केलेले सांधे बाहेरच्या बाजूला आहेत. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यापासून एक शिवण खाली उतरते, मागे तशीच दुसरी. त्या काळच्या मिनीच्या दारांच्या बिजागऱ्याही बाहेरच दिसतात. लोक मिनी लांबून ओळखतात त्यात या शिवणींचा मोठा वाटा आहे. साच्याची रेघ घासायची हा नियम योग्यच, पण घासण्याआधी खऱ्या गाडीचे निदान पाच-सहा फोटो समोर हवेत. १९७६ साली तामिया या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीने १/१२ ची पोर्शे ९३४ काढली, त्यासाठी त्यांनी एक खरी ९११ विकत घेऊन पूर्ण सुटी केली होती. आपल्याला गाडी विकत घ्यायची नाही, नीट बघायची तर आहे ना?

अजून एक. तुम्ही लिहिलंत की लाल रंग आरशासारखा चमकतो. मग टायर, सीट, डॅशबोर्ड, काचेभोवतीचं रबर कसं आहे? फोटोत मला सगळंच सारखं चमकताना दिसतंय. रंगाची चमक तिच्या शेजारच्या मॅट गोष्टींमुळे खरी वाटते. टायरच्या मधोमध जी साच्याची रेघ आहे ती घासा (ही मात्र खरोखर साच्याचीच), म्हणजे रबर आपोआप मळकट होईल. काचेचं रबर मॅट काळं, सीट किंचित तुकतुकीत, फ्लोअर पूर्ण मॅट. एवढ्याने निम्मं काम होईल.

धातूचा संच नंतर घ्या. आत्ता घेतलात तर जाड रंगावर बारीक भाग बसतील आणि रंग आणखी जाड वाटेल.

ठिणगी_१३४२

कवळीकाम ताईंचं बाकी सगळं मान्य, पण वायरींबद्दल मी वेगळं सांगेन. तुमच्या किटमध्ये बॉनेट उघडत असेल तर वायरी नक्की टाका. मिनीचं इंजिन आडवं बसतं, प्लग आणि डिस्ट्रिब्यूटर जाळीच्या बाजूला, कार्बोरेटर मागे. म्हणजे बॉनेट उघडल्यावर सगळ्यात आधी प्लगच्या वायरीच दिसतात. त्या नसल्या तर जागा रिकामी वाटते.

फक्त जाडीचा तोच नियम इथेही लावा. प्लगची वायर खऱ्या गाडीत सात मिलिमीटर, भागिले चोवीस, म्हणजे ०.३. जुन्या मोटरच्या वाइंडिंगची तांब्याची तार साधारण तेवढी सापडते, ती काळी रंगवा. बाजारात तयार मिळणाऱ्या काही वायरी ०.५ च्या असतात आणि बागेत पाणी घालायच्या नळीसारख्या दिसतात. ठिणगीचा क्रम (कोणत्या सिलिंडरला कधी ठिणगी मिळते तो) १-३-४-२, डिस्ट्रिब्यूटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. क्रमाने लावल्या की वायरी एकमेकींना जशा ओलांडतात तो गुंता मनाने करता येत नाही. ब्लॉक हिरवा रंगवा, काळा नाही.

सदतीस_नंबर

शिवणीचं वाचून ताबडतोब फोटो काढून बसलो. प्रत्येक फोटोत ती आहे. दोन महिने ही गाडी बघतोय आणि मला ती दिसलीच नव्हती.

ठरवलं, सगळा रंग उतरवतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बॉडी बुडवून ठेवली तर प्लास्टिक खराब होईल का? शिवण परत कशी उभी करू, आणि किती जाड? शेवटचं, एका व्हिडिओत दोन भाग मिसळून मारायचा कडक क्लिअर दाखवला होता, काच चढवल्यासारखा दिसत होता. शेवटी तो एकच पातळ हात दिला तर?

कवळीकाम

अल्कोहोल पॉलिस्टायरिनला (किटच्या प्लास्टिकला) खात नाही. झाकणाच्या डब्यात, खिडकीपाशी, आगीपासून लांब ठेवा. लॅकरला एक-दोन दिवस लागतात. रोज बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासा, विसरून आठवडाभर ठेवू नका. खिडक्यांमधले खांब बारीक असतात, बॉडी तिथे धरू नका. चरात थोडा प्रायमर राहिला तर राहू द्या, तो काढायच्या नादात खांब मोडतो.

शिवणीची जाडी फोटोवरून काढा. या मिनीची चाकं दहा इंची, म्हणजे रिम २५४ मिलिमीटर. गाडी अगदी बाजूने दिसते असा फोटो घ्या, त्यात रिम मोजा, शिवण मोजा आणि त्रैराशिक मांडा. रिम ही तुमची मोजपट्टी. आलेल्या आकड्याला चोवीसने भागा आणि तेवढी प्लास्टिकची पट्टी घ्या. किटच्याच स्प्रूचा (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ओढलात तरी तार मिळते, पण ती गोल असते आणि शिवण चपटी आहे, म्हणून पट्टी बरी. पट्टी लावताना पातळ प्लास्टिक सिमेंट ब्रशच्या टोकाने नुसतं टेकवा, ते आपोआप सांध्यात ओढलं जातं.

दोन भागांच्या क्लिअरचं मात्र माझ्याकडून स्पष्ट नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवाऱ्यातून श्वासात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे अगदी थोड्यानेही त्रास होतो. कापडी मास्क त्यापुढे काहीच नाही. आमच्या लॅबमध्ये मोनोमरच्या (कवळीचं प्लास्टिक बनवायच्या द्रवाच्या) वाफेसाठी ओढणारा पंखा असतो, तरीही मी मास्क काढत नाही. घरातल्या खोलीत, मुलं शेजारी असताना, हे नकोच.

तुम्हाला हवी असलेली चमक घासून मिळते. रंग पूर्ण वाळू द्या. वास यायचा थांबला म्हणजे वाळला असं मी धरते. मग पाण्यात साबणाचा थेंब टाकून ३०००, ४०००, ६०००, ८००० असे पॉलिश पेपर क्रमाने. कवळी घासताना शिकलेली एकच युक्ती: पेपर बदलला की दिशा बदलायची. आधी लांबीत घासलं असेल तर पुढचा पेपर आडवा. आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते लगेच दिसतं. एक पायरी गाळलीत तर शेवटी चमकेत धुरकट पट्टे राहतात आणि परत मागे जावं लागतं. कडांवर, शिवणीवर आणि छताच्या पन्हळीवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे घासण्याआधी मास्किंग टेप लावा. शेवटी मऊ कापडावर पॉलिशिंग कंपाउंड, आणि बोट एका जागी फार वेळ नको, रंग तापून मऊ होतो.

३७ चे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील आकडे) पॉलिश झाल्यावर लावा. वर क्लिअर मारायचाच असेल तर पहिले तीन हात धुक्यासारखे, मधे अर्धा-अर्धा तास थांबून. ओला हात एकदम दिला तर डेकल आक्रसतो.

सदतीस_नंबर

बॉडी अल्कोहोलमध्ये टाकली. स्क्रीनवर रिम ६१ मिलिमीटर भरली आणि शिवण ३. हिशेबाने खरी शिवण साडेबारा मिलिमीटर येते, चोवीसने भागून ०.५२. अर्ध्या मिलिमीटरची पट्टी चालेल ना?

कवळीकाम

चालेल. वर रंगाची जाडी चढणार आहे, म्हणून लावल्यावर ४०० च्या पेपरचे दोन हलके हात फिरवा आणि ०.४५ वर आणा. चारही शिवणी एकाच पट्टीतून कापा.